माझ्या वाटचं खांड

सुपारी लागणं म्हणजे काय, हे श्रीवर्धनच्या माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. ओली सुपारी, त्यातही आमच्याकडची रोठा, एखाद्या वेळी खाणाऱ्याला अशी पकडते की कानाच्या पाळ्या तापतात, कपाळावर घाम फुटतो, छातीवर पाट ठेवून कोणी त्यावर बसल्यासारखं वाटतं आणि समोरची माणसं दूर दूर जायला लागतात. पाच-दहा मिनिटांत सगळं ओसरतं. तोवर कोणी थंड पाणी आणतं, कोणी जिभेवर मिठाचा खडा ठेवतं, आणि ज्याला लागली त्याची मग दिवसभर चेष्टा होते. आमच्या घरी पाहुण्याला सुपारी लागली की बाबा वरवर हळहळायचे आणि आतून खूश व्हायचे. आपल्या वाडीच्या मालात अजून दम आहे, एवढाच अर्थ ते त्यातून काढत.

मला आयुष्यात एकदाच सुपारी लागली, आणि त्या दिवशी मी सुपारी खाल्लीच नव्हती.

ते सांगण्याआधी आबांविषयी सांगायला हवं. आबा म्हणजे आमच्या वाडीत पोफळींवर चढणारे. बाबांचे कोणी नातेवाईक नव्हेत, पण आम्ही मुलं त्यांना आबाच म्हणायचो. बारीक अंगाचा, काळा, कमी बोलणारा माणूस. पायात दोरीचा फास अडकवून ते सरसर वर जात, सुपारीचा घड उतरवत आणि मग खाली न येताच झाडाच्या शेंड्यावर झोका घेऊन शेजारची पोफळ पकडत. एका दमात असे आठ-दहा शेंडे फिरून मग कुठेतरी वाडीच्या दुसऱ्या टोकाला त्यांचे पाय जमिनीला लागत. लहानपणी मला वाटे, या माणसाला खालच्या जगात फक्त चहापुरताच रस आहे.

मी दहा वर्षांची असेन, स्वातंत्र्य मिळून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. आईने चहाचा लोटा देऊन मला वाडीत पाठवलं. आबा वर होते. मी नुकती शाळेत मोठ्याने कविता म्हणायला शिकले होते, तसा सूर लावून मी खालून हाक मारली, "आबा, चहा." ते तेव्हा एका पोफळीवरून दुसरीकडे झोका घेत होते. हाकेसरशी त्यांची मान खाली वळली आणि हात पुढच्या झाडाला लागता लागता राहिला. झाड परत मागे गेलं, पुन्हा पुढे आलं, आणि दुसऱ्या खेपेला त्यांनी पकड घेतली. झालं ते एवढंच. पण रहाटाजवळ उभ्या असलेल्या बाबांनी ते पाहिलं होतं. ते आले आणि त्यांनी मला एक थोबाडीत दिली. बाबांचा आवाज सगळ्या आळीत दणदणीत म्हणून ओळखला जायचा, वाडीच्या या टोकाहून त्या टोकाला ते सहज बोलत. त्या वेळी मात्र ते कुजबुजल्यासारखे बोलले. "झाडावर माणूस असला की खालच्याने तोंड मिटायचं. काही झालं तरी हाक मारायची नाही. कळलं?"

कळलं नव्हतं, पण गाल हुळहुळत होता. आबा उतरले, निवलेला चहा त्यांनी तक्रार न करता प्यायला आणि मी मुसमुसत होते ते बघून जवळ बसवून घेतलं.

"आबा, तुम्हाला वर भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना, बाय. रोज वाटते. पयल्या झाडाला हात लावला की पोटात गोळा येतोच. पन चार हात वर गेलो की तो आपसूक उतरतो."

"आणि नाही उतरला तर?"

"कंदी कंदी न्हाय उतरत. चार हातांवर बी वाढतच जातो. मंग मी खाली येतो. त्या झाडावर न्हाय जायचं."

"का? झाडाला काय झालेलं असतं?"

"ते मला काय ठावं," आबा लोटा विसळत म्हणाले. "माज्या अंगाला ठावं असंल."

विहिरीच्या कोपऱ्यात अशी एक पोफळ होती. दिसायला सरळ, उंच, घडांनी लगडलेली. आबा एकदा तिच्यावर चार हात चढले आणि उतरले. बाबांनी खोडावर थापा मारून पाहिल्या, गदागदा हलवून पाहिली, मुळाशी माती उकरून पाहिली. खोट काही सापडेना. आबांनी मान हलवली ती हलवलीच. पुढे दर हंगामात बाबा त्यांना टोमणा मारत, "काय आबा, पडली का हो ती पोफळ?" पोफळ कुठली पडतेय, ती दरवर्षी झोकात उभी. तिच्या सुपाऱ्या पिकून आपोआप खाली पडत आणि आम्ही मुलं त्या वेचत असू. आबांना त्याचं काही वाटायचं नाही. ते म्हणत, "झाड उभं हाय ना? बरं हाय. मी बी उभा हाय."

मला तेव्हा ते उत्तर लंगडं वाटायचं. मी हिशेबी डोक्याची मुलगी होते. एखादी गोष्ट खरी की खोटी, ते शेवटी कळलं पाहिजे, असा माझा हट्ट असायचा.

सातवी पास झाल्यावर काही वर्षांनी मी गावातल्याच मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. ट्रेनिंग झालेलं नव्हतं, म्हणून कच्ची शिक्षिका. पहिलीच्या पन्नास मुली, त्यातल्या निम्म्या कडेवर भावंडं घेऊन येणाऱ्या. मी तापट होते, आवाज बाबांचा घेतला होता, पण मुली मला घाबरत नसत. दुपारी शाळा सुटल्यावर ओरडून ओरडून घसा बसलेला असे आणि तरी मी घरी येताना हात हलवत, गाणं गुणगुणत येई. याला आनंद म्हणतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्याला भूक लागणं समजत होते, कारण घरी आल्यावर मी भरपूर जेवायची.

मी वीस वर्षांची झाले त्या हिवाळ्यात दोन गोष्टी एकदमच आल्या. मोठ्या बाईंनी माझ्या हातात अलिबागच्या ट्रेनिंगचा अर्ज ठेवला आणि म्हणाल्या, पौषाच्या आत भरून दे, जूनपासून दोन वर्षं राहायला जावं लागेल. आणि त्याच आठवड्यात मला स्थळ सांगून आलं, तेही अलिबागचंच. मुलगा कचेरीत कारकून, निर्व्यसनी, घर स्वतःचं, विहिरीला गोडं पाणी. आमची आत्या म्हणाली, "बरं झालं गो, एकाच एस.टी.त दोन्ही कामं होतील." ट्रेनिंगचा विषय मुलाकडच्यांसमोर निघाला तेव्हा मुलाची आई हसून म्हणाली, "शिकवायचीच हौस आहे ना? आमच्या घरात पोरांना तोटा नाही. त्यांना शिकव." सगळे हसले. मीही हसले. बाई मनाने वाईट नव्हती आणि बोलण्यात कुसकेपणाही नव्हता.

होकार मीच दिला. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे गावात उगीच बोललं गेलं की मुलीला बळंच उभं केलं. माझा हात कोणी पिरगाळला नव्हता. बाबांनी दोनदा विचारलं, आईने एकदा. मुलगा मला आवडला होता. त्याची नजर सरळ होती आणि पायऱ्या उतरताना त्याने माझ्या म्हाताऱ्या आत्याला हात दिला होता. नाही म्हणायला कारण काय, असं मी स्वतःला विचारलं, आणि कारण सापडलं नाही. हिशेब बरोबर सुटला होता. अर्ज मी शाळेच्या हजेरीपत्रकात ठेवून दिला आणि त्याच्याकडे बघणं सोडलं.

मार्गशीर्षात सुपारी फोडायचं ठरलं. आमच्या घराण्याची रीत अशी, की मुलीच्या माहेरच्या वाडीतली ताजी सुपारी घ्यायची, मुलाकडच्या सर्वांत वडील माणसाने ती अडकित्त्याने दोन खांडं करून फोडायची, एक खांड मुलाला, एक मुलीला. दोघांनी आपापलं खांड तोंडात टाकलं की सोयरीक पक्की. एरवी मोठ्यांदेखत मुलीने सुपारी खाल्ली तर ओरडा बसे. त्या एका दिवशी न खाल्ली तर बसेल. सुपारी आबांनी सकाळीच उतरवून आणली होती आणि बाबांनी ढीगभरातून ती निवडली होती.

ओटीवर जाजम घातलं होतं. मुलाच्या आजोबांनी अडकित्ता दाबला, कट असा आवाज झाला. मला माझं खांड दिलं गेलं. मी हात ओठांपर्यंत नेला. तिथे माझी मूठ मिटली. मी मिटली नाही, ती मिटली. मी तोंड हलवलं, खाल्ल्यासारखं केलं, मूठ पदराआड नेली, आणि हे मी काय करतेय असा विचार मनात येतोय तोवर कान तापले. घाम फुटला. छातीवर पाट येऊन बसला. समोरचं जाजम, पाहुणे, दाराचं तोरण सगळं लांब गेलं.

"लागली गो, लागली हिला," आत्या ओरडली.

त्यानंतर जे झालं ते आठवून मला आजही हसू येतं. अख्खी ओटी कामाला लागली. मीठ की साखर यावर आत्याचं आणि मुलाच्या मावशीचं जुंपलं. कोणी म्हणालं, पाय वर करा. कोणी म्हणालं, वारा घाला. मुलाचे आजोबा कौतुकाने मान डोलवत होते, "अस्सल रोठा हो, अस्सल. आता मिळत नाही अशी." बाबांचा चेहरा तर उजळला होता. सुपारीवर जन्म काढलेली वीस-पंचवीस शहाणी माणसं तिथे बसली होती, आणि त्याच सुपारीचं दुसरं खांड मुलगा समोर शांतपणे चघळत होता, त्याला काहीही झालं नव्हतं. हे एकाच्याही लक्षात आलं नाही. सुपारी लागताना आम्ही इतक्या वेळा पाहिली होती की तशी लक्षणं दिसली म्हणजे सुपारीच, दुसरं काही असूच शकत नाही, अशी आमची सगळ्यांची खात्री होती. माझीसुद्धा. मी आत जाऊन पडले तेव्हा मलाही क्षणभर वाटलं, नुसत्या वासाने लागली असेल.

आई तेवढी त्या गोंधळात पडली नाही. तिने पाण्याचा पेला आणला, माझ्या उजव्या हाताशी धरला, उजवी मूठ उघडत नाही हे पाहिलं, आणि पेला डाव्या हातात दिला.

खांड मी पदराच्या टोकाला बांधलं आणि नंतर कपड्यांच्या पेटीत, घडीखाली ठेवलं. फेकून देता आलं असतं, तेही झालं नाही.

आता हे ओसरेल, असं मी धरून चालले होते. सुपारी पाच-दहा मिनिटांत उतरते, ही कदाचित एखादा दिवस घेईल. दुसऱ्या दिवशी लग्नाच्या लुगड्यांची गोष्ट निघाली आणि छातीवर पाट. तिसऱ्या दिवशी मुलाचं साधंसं, चांगलं पत्र आलं बाबांच्या नावे, तब्येतीची चौकशी करणारं, आणि ते ऐकताना माझे कान तापले. मी स्वतःवर चिडले. एवढा भला माणूस, आणि या अंगाला झालंय काय? पाचव्या दिवशी मला जेवण जाईना. शाळेत मात्र गंमतच होती. वर्गात पाऊल टाकलं की पाट नाहीसा. मुलींवर ओरडायला लागले की श्वास पोटापर्यंत पोचायचा. शाळा सुटून घराच्या फाटकाशी आले की पुन्हा तेच.

मग मी वाडीत आबांकडे गेले. ते दोरी वळत बसले होते. मी आडून आडून विचारलं, माणसाला झाडाविना सुद्धा तसा गोळा येतो का, आणि आला तर त्याचं ऐकावं का.

आबांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा दोरीकडे बघितलं. "मला झाडातलं कळतं, बाय. दुसऱ्यातलं न्हाय सांगता येत."

"पण भीती कुठली आणि ते दुसरं कुठलं, हे कसं ओळखायचं?"

"चढून बगायचं. खालून न्हाय समजत."

मला राग आला. मोठी माणसं नेमकी हवी तेव्हा अशी गप्प बसतात. पण घरी येताना वाटलं, चढून बघायला काय हरकत आहे. एका झाडावर मी पाच दिवस चढतच होते, आणि गोळा वाढतच होता. दुसऱ्याला मी हातसुद्धा लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी हजेरीपत्रकातून अर्ज काढला.

भीती वाटलीच. अलिबागला दोन वर्षं एकटीने राहायचं, अनोळखी मुली, शहरातल्या बायांचं बोलणं, आणि मी खाडीपलीकडे कधी गेलेली नाही. नाव लिहिताना अक्षर वाकडं गेलं आणि शाईचा डाग पडला. वडिलांचं नाव, गाव, तालुका. पोटात गोळा होता. शिक्षण किती, शिकवण्याचा अनुभव किती. तिसऱ्या ओळीला अक्षर सरळ यायला लागलं. अर्ज संपला तेव्हा मला कडकडून भूक लागली होती. मी डब्यातली भाकरी खाल्ली, आणि मग माझ्या शेजारच्या बाईंच्या डब्यातलीही अर्धी खाल्ली.

आठव्या दिवशी दुपारी आई आणि मी अंगणात सुकलेल्या सुपाऱ्या सोलत बसलो होतो. मी साली बाजूला टाकत म्हटलं, "आई, मला सुपारी लागली नव्हती."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत.

"मी खाल्लीच नाही."

"तेही ठाऊक आहे. पेटीत घडीखाली ठेवली आहेस. लुगडी उन्हात घालताना हाताला लागली."

मला राग आणि रडू एकदम आलं. आठ दिवस मी एकटीने सोसलं होतं आणि ही बाई सगळं जाणून भात वाढत होती. "मग बोलली का नाहीस?"

आईने एक सुपारी सोलून टोपलीत टाकली, दुसरी उचलली. मग ती म्हणाली, "मलाही लागली होती. माझ्या वेळी."

"तू पण नव्हती खाल्लीस?"

"खाल्ली होती. पण ते सुपारीचं नव्हतं, कळतं ना आपल्याला. पंधरा वर्षांची होते. जीव नुसता घाबरा झाला होता. तीन दिवस पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. मग तुझ्या बाबांनी माझ्या भावाकडे निरोप पाठवला, की आमच्या घराशेजारी रहाट आहे, तो पहाटेपासून कुरकुरतो, तिला त्या आवाजाचा त्रास होईल का विचार." ती जराशी हसली. "एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, आणि रहाटाच्या कुरकुरीची काळजी. त्या दिवशी माझं उतरलं. मी जेवले. पुन्हा कधी चढलं नाही."

अंगणात कावळे सालींवर आले होते, तिने त्यांना हाकललं.

"तुझं उतरतं का ते बघत होते," ती म्हणाली. "सगळ्यांनाच पहिल्यांदा होतं ते. मी आधीच बोलले असते तर तुझं तुला कळलं नसतं. पण तुझं चढतंच आहे. काल तू ताटावरून उठलीस तेव्हाच मी ठरवलं, उद्यापर्यंत ही बोलली नाही तर मी बोलेन."

मी अर्जाचं सांगितलं. ती म्हणाली, "तरीच परवा घरी येताना गुणगुणत होतीस."

बाबांना तिनेच सांगितलं, मी दाराआड उभी होते. बाबांनी मला पुढे बोलावलं, आणि त्यांचा आवाज सगळ्या आळीने ऐकला. सोयरीक म्हणजे काय बाजारातली भाजी आहे, नासकी निघाली म्हणून परत करायला? चार माणसांत शब्द दिलाय. मुलात खोट काय, घरात खोट काय, एक तरी सांग. मला सांगता आली नाही. खोट नव्हतीच. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि मला त्यांचंही बरोबरच वाटत होतं. गावात त्यांच्या शब्दाला किंमत होती. तो माझ्यापायी मोडायचा म्हणजे काय, हे मला चांगलं कळत होतं. त्या दोन दिवसांत मी तीनदा ठरवलं, की जाऊ दे, करते लग्न. तिन्ही वेळा पाट आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईने ते खांड त्यांच्यासमोर ठेवलं. "शब्द तुम्ही दिलात," ती म्हणाली. "पण खांड हिच्या वाटचं होतं. ते अजून हिच्याकडेच आहे."

बाबांनी खांड उचललं. सवयीने उजेडात धरलं, नखाने टोकरलं, नाकाशी नेलं. सुकून ते घट्ट झालं होतं. मग म्हणाले, "चांगली होती सुपारी." आणि दोन्ही भुवया वर करून पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मग त्या दिवशी ते काय होतं गो?"

"मला नाही माहीत, बाबा. पण चार हातांवर वाढतच चाललंय."

वाडीतल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. ते उठले, उपरण्याच्या टोकाला खांड बांधलं आणि दुसऱ्या दिवशी अलिबागला गेले. तिथे काय झालं ते त्यांनी पुष्कळ वर्षांनी एकदाच सांगितलं. त्यांनी ते खांड मुलाच्या आजोबांपुढे ठेवलं आणि म्हणाले, माझ्या मुलीने आपला वाटा खाल्ला नाही, तेव्हा सोयरीक पुरी झालेली नाही. दोष तुमचा नाही, माझ्या घरचा आहे. आजोबा म्हणाले, अहो पण लागली की तिला, आम्ही डोळ्यांनी पाहिलं. बाबा म्हणाले, "न खाताच लागली. आता तुम्हीच काय ते समजा." आजोबांनी खांड उचलून निरखलं. मग त्यांनी खांड परत बाबांच्या हातात दिलं आणि म्हणाले, आता जेवूनच जा. बाबा जेवले. ती माणसं खरंच चांगली होती.

त्या मुलाचं पुढच्याच वर्षी लग्न झालं. ट्रेनिंगच्या दुसऱ्या वर्षी अलिबागच्या बाजारात तो आणि त्याची बायको मला भेटले. तिने आग्रहाने घरी नेलं, चहा केला, पोहे केले. त्याने मला विचारलं, शाळा कशी चाललीय, आणि उत्तर लक्ष देऊन ऐकलं. विहिरीचं पाणी खरोखर गोड होतं. म्हणजे पोफळ काही पडली नाही, झोकात उभी होती. मी तिथे बसून स्वतःच्या छातीकडे लक्ष दिलं. काही नव्हतं. मत्सर नाही, पश्चात्ताप नाही. आबांचं लंगडं उत्तर मला त्या दिवशी पटलं. खोट सापडली नाही म्हणून मी चुकले असं होत नव्हतं. मीही उभी होते.

पण हे नंतरचं. मला सांगायचंय ते जाण्याच्या दिवसाचं.

मृग लागायच्या आत निघायचं होतं, कारण पावसात खाडीच्या होड्या बंद होतात. बाबा दिघीच्या धक्क्यापर्यंत पोचवायला आले. वारा सुटला होता, पाणी काळपट झालं होतं, होडी धक्क्यावर आपटत होती. पलीकडे राजपुरी, तिथून मुरुड, मग एस.टी., पुन्हा एक खाडी, आणि मग अलिबाग. माझी ट्रंक होडीत गेली, वळकटी गेली. मी फळीवर पाय ठेवला आणि पोटात असा गोळा आला की मी तशीच थांबले. मागे बाबा होते. मी वळून त्यांच्याकडे बघितलं असतं तर परत फिरले असते, इतकं ते जवळ होतं. मी होडीत बसले.

होडी सुटली. पहिल्याच लाटेला ती तिरकी झाली आणि मी दोन्ही हातांनी कड धरली. शेजारी कोंबड्यांची टोपली घेऊन बसलेली म्हातारी मला म्हणाली, "पयल्यांदा चाल्ली वाटतं." मी मान हलवली. गोळा घशापर्यंत आला होता. मी मनाशी म्हटलं, चार हात. चार हात जाऊ दे.

मी मागे बघितलं. बाबा धक्क्याच्या अगदी टोकाला आले होते. त्यांचं पांढरं धोतर वाऱ्याने फडफडत होतं. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले, वाडीतून कोणाला हाक मारताना नेत तसे. त्या आवाजाला ती खाडी काही मोठी नव्हती. मला वाटलं आता हाक येईल, आणि ती आली तर मी रडेन, कदाचित नावाड्याला होडी वळवायला सांगेन.

हाक आली नाही. त्यांनी हात खाली घेतले. तोंड घट्ट मिटून ते उभे राहिले.

खाडीच्या मध्यावर माझे हात कडेवरून सुटले. मी म्हातारीच्या टोपलीला टेकून बसले, आईने दिलेली लाडूची पुरचुंडी सोडली आणि एक लाडू तिला दिला, एक मी खाल्ला. पलीकडे उतरून ट्रंक उचलताना पुन्हा वळून बघितलं, तेव्हा धक्क्यावर तो पांढरा ठिपका अजून तिथेच होता.